बहिणाबाई : जात्यावर घडलेलं गाणं

शाळेत असताना बहिणाबाई चौधरींची एक तरी कविता आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. कुणाला सुगरणीच्या खोप्याची आठवते, कुणाला संसाराची. परीक्षेत दोन मार्कांना कवयित्रीचा परिचय यायचा. जन्म, गाव, काव्यसंग्रह, संपलं. त्यातच एक वाक्य असायचं, की कवयित्री निरक्षर होत्या. आपण ते लिहायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. आता जरा मोठं झाल्यावर त्या वाक्यापाशी थांबून बघा. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं तिचं पुस्तक निघालं कसं? कुणी लिहिलं? आणि तो लिहिणारा नसता तर काय झालं असतं? बहिणाबाईंचं सगळं आयुष्य या प्रश्नांभोवती फिरतं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपल्या मराठवाड्यात बहिणाबाई म्हटलं की काही जणांना शिऊरच्या संत बहिणाबाई आठवतात. त्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. आपण बोलतोय त्या खानदेशातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या बहिणाबाईंबद्दल. दोघींच्या मधे दोनशे वर्षांचं अंतर आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीच्या दिवशीचा. गाव आसोदे, जळगावच्या अगदी जवळ. त्या वेळी खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले आणि पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घरात तीन भाऊ, तीन बहिणी. घर खाऊन-पिऊन सुखी, शेतीवाडी असलेलं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा १८४८ सालीच काढली होती, पण ते वारं आसोद्याच्या वेशीपर्यंत यायला अजून बराच वेळ होता. पोरीनं शेण गोळा करावं, पाणी आणावं, धाकट्या भावंडांना कडेवर घ्यावं आणि वेळ आली की सासरी जावं. बहिणाबाईंच्या हातात पाटी-पेन्सिल कधी आली नाही.

पण कान उघडे होते. गावात कीर्तन व्हायचं, भारुड व्हायचं, गोंधळ व्हायचा. आणि रोज पहाटे घराघरांतून जात्याची घरघर आणि तिच्यावर बायकांच्या ओव्या. ज्याला लिहिता येत नाही त्याची सगळी मेमरी कानातच असते. ऐकायचं, डोक्यात ठेवायचं, हवं तेव्हा काढायचं आणि काढताना त्यात आपलं चार शब्दांचं घालायचं. ओवी अशीच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते आणि जाता जाता बदलते. बहिणाबाईंचं शिक्षण झालं ते या शाळेत.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, त्यांचं लग्न झालं. जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी. चौधरीवाडा मोठा, माणसं पुष्कळ, शेतीचा पसारा मोठा आणि कामाला अंत नाही. आसोदे आणि जळगाव तसं हाकेच्या अंतरावर, पण सासुरवाशिणीला माहेर लांबच असतं, मग ते एका मैलावर का असेना. माहेरची वाट, त्या वाटेवरचे दगड-धोंडे, ठेच लागली तरी न दुखणारा पाय हे सगळं त्यांच्या गाण्यांत आलंय. आज माहेरावर एवढं लिहिलं जातं, पण ती वाट त्यांच्याइतकी पायांनी ओळखलेली क्वचितच दिसते.

आता जात्याबद्दल थोडं, कारण मशीन कळल्याशिवाय गाणं कळणार नाही. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. दोन दगड, खालचा स्थिर, वरचा फिरता. मधोमध खीळ, वरच्या पाळीला लाकडी खुंटा. तोंडातून मूठ-मूठ धान्य टाकायचं, त्याला वैरण घालणं म्हणतात. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, नाहीतर पीठ जाडंभरडं पडतं. मेकॅनिकलच्या पोरांना एवढ्यावरून कळेल की काम किती ताकदीचं आहे. घर वीस माणसांचं असेल तर पहाटे तारे असताना बसायचं आणि उजाडेपर्यंत ओढत राहायचं. हे एकसारखं ओढणं जमायचं असेल तर हाताला ताल लागतो, तो ताल ओवी देते. एक ओढ, एक चरण. दम कुठं घ्यायचा हे गाणंच सांगतं. म्हणजे ओवी कामाबरोबर चाललेली करमणूक नव्हती, ती कामाचाच एक भाग होती. बहिणाबाईंची बहुतेक गाणी आठ-आठ अक्षरांच्या ओळींची आहेत. बोटांवर मोजून बघा, सहसा चुकत नाहीत. अक्षर न येणारी बाई अक्षरं मोजत नव्हती, ती जातं मोजत होती.

आणि गाणी जात्यावरच थांबली नाहीत. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, विहिरीवरची मोट, चूल, पोळा, गुढीपाडवा, अक्षय तृतीया म्हणजे खानदेशातली आखाजी, जे जे हाताखालून गेलं त्याचं गाणं झालं. कुणाचं नाव, कुणाची खोड, गावातला एखादा विचित्र माणूस, तोही सुटला नाही. कशाला काय म्हणू नये याची एक लांबलचक यादीच त्यांनी गाण्यात करून ठेवली आहे. गंमत अशी की ती व्याख्यांची यादी आहे, आणि आपल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा पटकन ध्यानात राहते. माणसाच्या मनाला त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकललं तरी पुन्हा पिकावर येतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

वयाच्या तिशीत, १९१० च्या सुमारास, नथूजी गेले. मुलगी काशी, मुलगे ओंकार आणि सोपान. सोपान तर अगदी लहान. त्यात ओंकारला प्लेग झाला. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. त्या काळात विधवेचं काय होत असे हे सांगायला नको. कपाळाचं कुंकू गेलं, हातातल्या बांगड्या गेल्या, आणि भोवती येऊन बसणाऱ्या बायकांची हळहळ तेवढी उरली. मोठ्या घरात वाटण्या झाल्या, जमिनीचे प्रश्न आले. दुसरी एखादी कोसळली असती. बहिणाबाई शेतात उतरल्या.

या दिवसांतली त्यांची गाणी वाचताना एक गोष्ट जाणवते. दुःख आहे, ते लपवलेलं नाही, पण कीव कुणाकडे मागितलेली नाही. कुंकवाखाली दडलेली नशिबाची रेघ कुंकू पुसल्यावर उघडी पडली, असं त्या म्हणतात आणि तेवढ्यावर न थांबता पदरातल्या लेकरांकडे बघतात. हात बघायला आलेल्या ज्योतिषाला त्या सरळ परत पाठवतात. माझं दैव मला ठाऊक आहे, तू दारी येऊ नकोस, असा त्याचा भाव. शंभर वर्षांपूर्वीची, शाळेत न गेलेली, नवरा गेलेली बाई ज्योतिषाला दारातून परत पाठवते आणि आपल्यातले काही जण अजून निकालाच्या आधी अंगठीचा खडा बदलतात! असो.

आता मूळ प्रश्नाकडे. गाणी होत होती आणि हवेत विरत होती. पहाटे झालेलं गाणं दुपारी शेतात दुसऱ्या गाण्यानं झाकलं जायचं. घरातल्यांना ते ऐकू येत होतं, पण जी गोष्ट रोज कानावर पडते तिची किंमत कुणाला वाटते? घरातली म्हातारी गुणगुणते, त्यात काय ऐकायचं! बहिणाबाईंना स्वतःलाही आपण काही मोठं करतोय असं वाटत नव्हतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बोलायला शिकवणारी सरस्वती, आपण नुसतं बोलणार.

सोपान शाळेत गेला. त्याची एक आठवण सांगितली जाते. त्याच्या पुस्तकात सावित्री-सत्यवानाचा धडा होता आणि तो त्यानं घरात मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसलेल्या आईच्या तोंडून तीच गोष्ट ओवी होऊन बाहेर पडत होती. पोरगं चकित झालं. त्यानं ते लिहून घेतलं. आईला वाचता येत नव्हतं, मुलाला येत होतं. आईला गाता येत होतं, मुलाला लिहिता येत होतं. दोघांनी मिळून जे काम झालं ते एकट्याच्यानं झालं नसतं. पुढे सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढी गाणी वहीत उतरवली. जमेल तेवढी, हे महत्त्वाचं. आयुष्यभर गाणाऱ्या बाईचं सगळं गाणं कुठल्या वहीत मावणार? जे कुणी ऐकलं नाही आणि जे ऐकूनही लिहिलं नाही ते शेतातच राहिलं.

जळगावात छापखाना आला तेव्हा बहिणाबाईंनी त्यावरही गाणं केलं. यंत्र बघून डोळे विस्फारणारी ती बाई नव्हती. तिनं यंत्राचं काम नीट न्याहाळलं आणि मग माणसाकडे बघितलं. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र एवढे छाप खाऊनही वेडाच राहतो, असा त्याचा आशय. आपल्या हातात दर सेमिस्टरला जेवढा छापील कागद येतो तेवढा त्यांच्या आयुष्यात आला नसेल. तरी हा टोला आपल्यालाच लागतो.

भाषा त्यांच्या घरातलीच. लेवा पाटीदार समाजाची गणबोली, वऱ्हाडीचा शेजार असलेली. त्यात 'ळ' फार ठिकाणी 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो, पोळ्याचा पोया. पुण्या-मुंबईच्या कानाला हे अडाणी वाटायचं. म्हणून सोपानदेवांनाही संकोच होता. ते स्वतः कवी होते, साहित्यिकांत ऊठबस होती, पण आईची वही चारचौघांत काढावी की नाही याचा धीर होत नव्हता. हा संकोच आपल्याला परका नाही. गावाकडं आईशी फोनवर 'काय करलालीस' म्हणणारा पोरगा कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी आठ दिवस आपलं बोलणं इस्त्री करत बसतो. आपल्या बोलीत काही मोलाचं असू शकतं, हे आपल्याला कुणीतरी बाहेरच्यानं सांगावं लागतं.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात गेल्या. वय एकाहत्तर. तोपर्यंत खानदेशाबाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. इथं अत्रे कोण हे ध्यानात घ्यायला पाहिजे. नाटककार, पत्रकार, वक्ते हे तर झालंच. पण हाच माणूस 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुलं' लिहून मराठी कवींची यथेच्छ टर उडवणारा. कवितेच्या बाबतीत सहज फसणारा नव्हे. त्यानं वही वाचली आणि हे बावनकशी सोनं आहे, महाराष्ट्रापासून ते लपवून ठेवणं बरं नाही, असा निकाल दिला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे बाई गेल्यानंतर वर्षभरातच सगळ्या महाराष्ट्राला कळलं की आपल्यात कोण राहून गेलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली, रेडिओवर वाजली, आणि ज्यांनी पुस्तक बघितलं नाही त्यांनाही पाठ झाली. जात्यावरून निघालेलं गाणं वहीत गेलं, वहीतून छापखान्यात, आणि तिथून पुन्हा लोकांच्या तोंडी येऊन बसलं. शाळेच्या पुस्तकात धडे आले. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्या बाईनं शाळेचा उंबरठा ओलांडला नाही तिचं नाव आज हजारो इंजिनिअरांच्या डिग्री सर्टिफिकेटवर छापलेलं असतं.

अशी गोष्ट एकट्या खानदेशातच घडली असं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात बायका अशीच गाणी म्हणत, घरात, स्वयंपाक करताना, मुलं झोपवताना. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल नावाच्या गावात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आला, तेव्हा कार्टर कुटुंब तिथं गेलं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. गळा साराचा, गिटार मेबेलची. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची. तिथं जी गाणी ध्वनिमुद्रित झाली त्यांच्यापासून अमेरिकेचं कंट्री संगीत उभं राहिलं असं मानतात. ए. पी. कार्टर डोंगरात गावोगाव हिंडून जुनी गाणी गोळा करायचा. पण त्यातल्या कितीतरी गाण्यांवर पुढे नाव लागलं ते त्याचंच, ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांचं नाही. त्यांना मशीन मिळालं, आपल्या बहिणाबाईंच्या वाट्याला आली ती वही. पण त्या वहीवर नाव बदललं नाही. सोपानदेव स्वतः कवी असून त्यांनी गाणी आईच्याच नावानं बाहेर आणली. हा प्रामाणिकपणा लहान नाही.

कारण ओवी गाणाऱ्या बाईचं नाव सहसा कुठं राहतच नाही. बहिणाबाईंच्याच जिल्ह्यात, अमळनेरला, साने गुरुजी शिक्षक होते. त्यांनीही बायकांच्या ओव्या जमवल्या आणि 'स्त्रीजीवन' हा मोठा संग्रह केला. त्यात महाराष्ट्राच्या बायकांचं सगळं मन आहे, पण ती कुणा एकीचं नाव लावून आलेली नाहीत. पुढे १९८० च्या दशकापासून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांनी मात्र गाणारीचं नाव आणि गाव नोंदवायची काळजी घेतली. आपल्या मराठवाड्यातल्या बायकाही त्यात आहेत.

आणि आपला जिल्हा? धाराशिवमधे गाण्याचा दुष्काळ नाही, पावसाचा असेल. नवरात्रात तुळजापूरला कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी येतात, संबळ आणि झांज वाजते आणि रात्र रात्र देवीची गाणी चालतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत लाखो लोक चुन्याचे खडे वेचतात, तेव्हाही बायकांच्या तोंडी गाणं असतंच. लग्नघरी हळद दळायला अजून जातं बाहेर काढतात. एरवी ते अंगणाच्या कोपऱ्यात पालथं पडलेलं असतं. हळद दळताना दोन म्हाताऱ्या पुढे सरकतात, खुंटा धरतात, आणि नव्या सुनांना येत नसलेल्या ओव्या म्हणतात. शेजारी डीजेची चाचणी चालू असते, म्हणून त्या नीट ऐकूही येत नाहीत. आखाजी काय असते हे खानदेशाबाहेर कितीतरी जणांना बहिणाबाईंच्या गाण्यामुळे कळलं. आपल्या येळवशीची आंबील आणि भज्जी आपण होस्टेलवर डबा भरून आणतो, पण त्या दिवशी शेतात आजी काय म्हणते ते कुणी लिहून घेतलंय का?

प्रत्येक आजी बहिणाबाई असते असं मुळीच नाही. तशी एखादीच. पण ती एखादी कोणती हे ऐकल्याशिवाय कळत नाही, हीच तर अडचण आहे. चौधरीवाड्यातल्या लोकांनाही कळलं नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, राल्फ पीअरच्या मशीनपेक्षा शंभरपट हलका. तो दिवसभर चालू असतो, फक्त तोंड दुसरीकडे असतं. दिवाळीला घरी गेलात की एकदा तो आजीकडे वळवा. म्हण म्हटलं की ती लाजेल, आठवत नाही म्हणेल, मला कुठं येतंय म्हणेल. बहिणाबाईही असंच म्हणाल्या असत्या. जरा थांबा, हातात काम द्या, सुपात धान्य द्या, की आपोआप येईल. आणि उतरवून घेताना गाणं कुणाचं, गाव कोणतं, तिला कुणी शिकवलं, एवढं मात्र विसरू नका. सोपानदेवांच्या वहीत अक्षर त्यांचं होतं, पुस्तकावर नाव आईचं आलं.